राखणदार इमामभाऊ

आषाढात इंद्रायणी दुथडी भरून वाहत असताना काठावर बसून पाण्याची काटकसर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, इमामभाऊ तांबोळी. नमाजाआधी हातपाय धुवायला ते नदीवर जायचे ते लहानसा तांब्या घेऊन. तो एकदाच भरायचे आणि तेवढ्यात हात, तोंड, पाय सगळं उरकायचे. वरून संततधार, समोर पूर आणि हे तांब्याच्या तळाचं पाणी जपून टाचेवर ओततायत. कुणी हसलं तर म्हणायचे, "नदी भरली म्हून माजं पाय मोठं झालं काय?"

मी लग्न होऊन पुण्याहून कार्ल्याला आले, तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतं संपलं होतं. नवरा मळवली स्टेशनात नोकरीला, घरात सासूबाई आणि समोर इमामभाऊंचं दुकान. विड्याची पानं, सुपारी, डाळ, मीठ, मिरची असला माल. लहानपणी ते पुण्यात एका मौलवींकडे शिकायला होते. "तितलं बाकी समदं इसारलो," असं ते सांगायचे, "पर येक ध्येनात ऱ्हायलं. मालक वर हाय. आपुन राखणदार. राखणदारानं मालकावानी वागू न्हाई."

हे वाक्य ते कशालाही जोडत. परसात त्यांचं जांभळाचं झाड होतं. त्याचा शेंडा पाखरांचा आणि रस्त्यावर आलेली फांदी वाटसरूंची, अशी वाटणी त्यांनी करून टाकली होती. कावळा खालच्या फांदीवर उतरला की दुकानातून ओरडत, "ए, तुजा वाटा वर हाय." कावळा ऐकत नसे. मग ते गिऱ्हाईक सोडून त्याला समजावायला जात.

पाण्याच्या बाबतीत चिक्कू असलेला हा माणूस तराजू हातात धरला की पार उधळ्या व्हायचा. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सासूबाईंना याचाच संशय. "एवढी जास्त देतोय म्हणजे डाळीला कीड असणार," असं म्हणत त्या दुकानाच्या पायरीवर बसून डाळ पसरून पाहायच्या. कीड कधी निघाली नाही, पण भांडण रोज निघायचं. पावसाळ्याच्या बेगमीला त्या जास्तीचं मीठ मागायच्या. इमामभाऊ द्यायचे नाहीत. "चुलीला लागंल तेवडं न्या. तुमी समदं भरून ठिवलं, तर बाकीच्यांनी आळणी खायाचं व्हय?"

"पैसे देतेय ना मी?"

"मिठाचं देताय. दुसऱ्याच्या तोंडच्या चवीचं कोन देनार?"

सासूबाई तणतणत घरी यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या.

मावळात पाऊस कोसळतो खरा, पण वैशाखात घागरभर पाण्यासाठी बायका रानोमाळ हिंडतात. एका वर्षी तर गावविहिरीला चिखल लागला. महारवाड्यातली माणसं नदीच्या एका डोहातून पाणी न्यायची, तो हिरवा पडला. इमामभाऊंच्या परसातली विहीर मात्र आटली नव्हती. आम्ही सगळे आपापला दोर घेऊन तिथेच जायचो. रमजान नेमका त्याच महिन्यात आला होता. दिवसभर तोंडात थेंब न घेता हा माणूस विहिरीजवळ बसून असायचा आणि कुणी पाणी सांडलं की रागवायचा.

एका संध्याकाळी मी पाणी शेंदत होते. महारवाड्यातली सगुणा घागर घेऊन कुंपणाबाहेर उभी राहिली. कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघत होती.

इमामभाऊ म्हणाले, "उबी का? दोर हितं हाय."

"म्या शेंदू?" तिनं विचारलं.

"मंग काय म्या शेंदू? रोजा हाय माजा, हात कापत्यात. तुजी भर नि माज्या बी तांब्यात वत."

सगुणा आत आली. तिनं पोहरा सोडला, आपली घागर भरली आणि इमामभाऊंचा तांब्याही. दिवस मावळला तेव्हा तिनं ओतलेल्या पाण्यानंच इमामभाऊंनी रोजा सोडला. दुसऱ्या दिवशी सगळा महारवाडा तिथे पाण्याला आला.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाटील चार माणसं घेऊन आले. "इमाम, विहीर तुझी हाय, पर गाव आमचं हाय," ते म्हणाले.

"हीर माजी कुटं हाय, पाटील? म्या राखणदार."

"मंग राखण कर. त्यांस्नी हाकल."

"पान्यापास्नं कुनाला हाकलायचं, ते मला शिकवलं न्हाई."

त्या दिवसापासून गावानं त्यांच्या विहिरीवर जायचं सोडलं आणि दुकानावरही. बायका लांबच्या डोहावर जाऊ लागल्या. सासूबाईंनीही बजावलं, "कुणी तिकडं पाऊल टाकायचं नाही." विड्याची पानं पिवळी पडली, ती शेळ्यांनी खाल्ली. महारवाड्यातली माणसं काय ती मीठमिरची न्यायची. इमामभाऊ रोज दुकान झाडायचे, तराजू पुसायचे आणि बसून राहायचे.

मग ईद आली. दर ईदेला ते घरोघर कोरडा शिधा पाठवत. शेवया, साखर, खारीक, खोबरं. त्या दिवशी दुपार कलली तरी ताट आलं नाही. सासूबाई दारात चार वेळा जाऊन आल्या. शेवटी म्हणाल्या, "बघून ये गं. मेला आजारी तर नाही पडला?"

मी गेले. लोणावळ्याहून नमाज पढून आलेले इमामभाऊ नव्या सदऱ्यात, अत्तर लावून ओट्यावर बसले होते. आत ताटं भरून मांडलेली होती, एकही कमी नव्हतं.

"पाठवली नाहीत?" मी विचारलं.

"कशी धाडू, वैनी? गिऱ्हाईक आलं न्हाई, चालंल. ताट परत आलं, तर ते घेऊन म्या घरात कुटं बसू?" त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "बायकू गेल्यापास्नं दुकानात कोन येईल तेच माजं घर. तुमच्या सासूबाई भांडायच्या, तेवडंच कोनतरी आपलं रागावतंय असं वाटायचं."

मी एक ताट उचललं. गाव बघेल म्हणून त्यांनी वर रुमाल टाकला. मी तो काढून ओट्यावर ठेवला आणि घरी आले. ते काय म्हणाले ते सासूबाईंना सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं. पदर खोचला आणि समोर गेल्या. मग एकेक ताट स्वतः उचलून गावात वाटायला निघाल्या. सासूबाईंच्या हातचं नाकारायची छाती फार थोड्यांची होती. दर खेपेला त्या रिकाम्या हातानं परतल्या की ओट्यावरून इमामभाऊ हळूच विचारायचे, "घेतलं?"

"घेतलं," सासूबाई म्हणायच्या.

पाटलांचं ताट त्यांनी शेवटी नेलं. ते परत आलं. त्या मागच्या गल्लीनं आमच्या परसात शिरल्या, पदराखालचं ताट माझ्या हातात दिलं, "झाकून ठेव" म्हणाल्या आणि पुढच्या दारानं ओट्याकडे गेल्या.

इमामभाऊ उठून उभे राहिले होते. "घेतलं?"

"घेतलं," सासूबाई म्हणाल्या.