अकारविल्हे अकरा

"तुमचा गोलकीपर एवढाच उंच आहे?" सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पंचांनी ग्रंथपालांना विचारलं.

यादीत पहिलं नाव गोलकीपरचं लिहायचं असतं, हे ग्रंथपालांना ठाऊक नव्हतं. हाताच्या सवयीने त्यांनी अकरा नावं अकारविल्हे लावली होती. त्यामुळे खरं नाव 'अ'वरून असलेला, पण सगळे ज्याला चिमणी म्हणत तो संघातला सगळ्यात बुटका, पुढे खेळणारा मुलगा गोलात आला आणि कपाट या नावाने ओळखला जाणारा खरा गोलकीपर उरला चिमणीच्या जागेवर.

"बदलता नाही येणार?"

"सही तुमची आहे. सही झालेली यादी या स्पर्धेत बदलत नाही."

"मग बरोबर आहे," ग्रंथपाल म्हणाले. नियम दिसला की वाद घालणं त्यांना जमत नसे.

क्रीडाशिक्षक निवृत्त झाल्यावर महाविद्यालयाचा फुटबॉल संघ त्यांच्या गळ्यात पडला होता. मोसमातल्या सातपैकी सहा सामने हरून झाले होते. "शेवटच्यात निदान बरोबरी करा, नाहीतर संघ बंद," प्राचार्यांनी बजावलं होतं. पहिल्या महिन्यात ग्रंथपालांनी हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला असता. आता मात्र ते जेवताना वाट्या सरकवून लेकीला बचावफळी समजावत, आणि लेक मुकाट्याने आपला पेला गोल म्हणून मधे ठेवत असे.

सामना सुरू झाला. कपाटाकडे पहिला पास आला. त्याने तो दोन्ही हातांनी झेलून छातीशी धरला. शिट्टी वाजली. दुसऱ्या वेळीही तेच, आणि पिवळं कार्ड.

"पायाने रे, कपाटा," चिमणी गोलातून ओरडला.

"कळतंय रे. हातांना कोण सांगणार?"

"बाबा, तिसऱ्यांदा झेललं तर त्याला बाहेर काढतील," सामना बघायला आलेली लेक शेजारून म्हणाली.

ग्रंथपालांनी खिशातून दोन खोडरबर काढले आणि कपाटाच्या दोन्ही मुठींत एकेक दिला. "सोडायचे नाहीत. हरवलेस तर भरून द्यावे लागतील."

उपाय लागू पडला. पण तेवढ्यात चिमणीच्या पायाशी बॉल आला, आणि पायाशी आलेला बॉल घेऊन पुढे न पळणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. चौघांना चकवून तो मैदानाच्या मध्यावर पोचला, पाचव्याने बॉल काढून घेतला आणि मोकळ्या गोलात सावकाश ढकलला.

"चौघांना चकवलं पण," चिमणी परत येताना म्हणाला.

सामना संपायला चार मिनिटं होती. समोरच्या गोलाजवळ कपाट नुसताच उभा होता. त्याला हलवायला म्हणून समोरच्या संघातल्या एकाने त्याचा शर्ट ओढला, आणि पंचांनी पेनल्टी दिली.

"कोण मारणार?" लेकीने डोळे मिटत विचारलं.

"मी," कपाट मैदानातून ओरडला. "सहा सामन्यांत एकतीस गोल खाल्लेत. कुठला अडवता येत नाही, ते मला विचारा."

त्याने बॉल ठेवला, दोन पावलं टाकली आणि डाव्या कोपऱ्यात, खांबाला घासून, अलगद सारला. समोरचा गोलकीपर उजवीकडे पडून आभाळ बघत राहिला.

एक-एक. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मुलांनी कपाटाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, मग विचार बदलून चिमणीला घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ग्रंथपालांना बोलावलं. "अख्ख्या मोसमात एक गुण. पण शब्द तो शब्द. संघ राहील. पुढच्या मोसमाचं उद्दिष्ट काय लिहू?"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. "यंदाच्या दुप्पट गुण."

प्राचार्यांनी आदराने मान डोलावली आणि लिहून घेतलं.