एकेचाळीस अनुमोदनं आणि एक कोरी चकती

एका जंगलात एका टिटवीला एके दिवशी सकाळीच वाटलं, की काहीतरी चुकतंय. कारण सगळे हो म्हणाले होते.

हसू नका, मुलांनो. तुम्ही त्या जंगलातले नाही, म्हणून तुम्हाला यात काही वावगं दिसत नाही.

त्या जंगलात कोळ्याने एक भलंमोठं जाळं विणलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्याला गाण्याची हौस असेल त्याने धाग्यापाशी तोंड नेऊन गायचं, की सूर जाळ्याभर पसरायचा. ज्याला मत असेल त्याने ते पानावर लिहून चिकटवायचं. मतं सगळ्यांनाच होती. या हौशी मंडळींच्या कट्ट्याचं नाव रानसूर, आणि सभासद त्रेचाळीस. आंबा कापून खावा की चोखून, यावर तिथे नऊ दिवस भांडण चाललं होतं. दोघांनी कट्टा कायमचा सोडला आणि दोन दिवसांनी, कोण काय म्हणालं ते बघायला, परत आले.

अशा ठिकाणी टिटवीने धीर करून एक पान चिकटवलं होतं : ‘कासवआजोबा सोमवारी नदीपलीकडे राहायला जाणार. तिकडे झाडं नाहीत, म्हणून जाळं नाही. त्यांना पुन्हा आपलं गाणं ऐकू यायचं नाही. आपण सगळ्यांच्या गाण्यांची सीडी करून त्यांना द्यायची का?’

सीडी म्हणजे सुतारपक्षी करायचा ती लाखेची चकती. शहरात जाऊन आलेला एक कावळा तिला सीडी म्हणाला, तेव्हापासून चकती म्हणणं गावंढळ ठरलं होतं.

पानाखाली एकेचाळीस पानं चिकटली. ‘अनुमोदन!’ ‘प्रचंड अनुमोदन!’ ‘असेच म्हणतो.’ वटवाघळाचं पान उलटं होतं, पण तेही अनुमोदनच होतं. खुद्द कासवआजोबांना हे कळायची भीती नव्हती. त्यांचे डोळे अधू झाले होते. पानं वाचणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

एकही भांडण नाही! टिटवीने घाबरून सगळी पानं पुन्हा मोजली.

तशी ती भित्रीच. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणाऱ्यांच्या घराण्यातली. जाळं हललं की तिचं काळीज हलायचं. कट्ट्यावर आली त्या दिवशी तिने एकदाच धाग्यापाशी तोंड नेलं होतं. “टिटीव टिटीव!” झालं. एका खारीने विचारलं, “हे गाणं आहे की अपघात?” जाळं हसून हसून तुटायची वेळ आली.

तेवढ्यात कासवआजोबांचा आवाज आला होता. “वा! पुन्हा एकदा ऐकव बघू.”

तिने काही पुन्हा ऐकवलं नाही. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं. आणि आजोबांनी त्याच दिवशी कट्ट्याला नियम घालून दिला : आधी दाद, मग नाद. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याला दाद दिल्याशिवाय आपलं गाणं म्हणायचं नाही. फार सभ्य नियम. रानसूरवर सगळे तो कसोशीने पाळत.

आता लक्ष द्या, मुलांनो, कारण घोडं इथेच अडलं.

आठ दिवस झाले, एकही गाणं आलं नाही. टिटवी घाबरत घाबरत मोराकडे गेली.

“मोरदादा, तुमचं गाणं?”

“तयार आहे. पहिलं माझंच ठेवणार ना?”

“हो, हो! पहिलं तुमचंच.”

“मग मी दाद कुणाला देऊ? सीडीवर माझ्याआधी कुणी गायलेलंच नाही. नियम मोडू होय?”

“मग दुसरं ठेवू?”

मोराने तिच्याकडे असं पाहिलं, की ती चार पावलं मागे सरकली.

मग ती बेडकाकडे गेली. हा जाळ्यावर ‘मेघगर्जन’ नावाने वावरायचा. पुष्कळांना तो सिंह वाटायचा.

“बेडूकभाऊ, निदान तुम्ही तरी...”

“अगं ताई, मी सीडीच्या मुखपृष्ठ समितीत आहे! कमळ घ्यायचं की कमळाचं पान, यावर आमची चौथी बैठक चाललीय. शिवाय मोर गायल्याशिवाय मी गायलो, तर लोक काय म्हणतील? बेडूक फार पुढे पुढे करतो म्हणतील.”

“पण सोमवार...”

“अनुमोदन!” असं म्हणून बेडकाने पाण्यात उडी मारली.

सोमवार उजाडला. उंबराखाली सुतारपक्षी चाक मांडून बसला. चकतीवर त्याने ऊन ऊन लाख ओतली. कुणी गायलं की त्याची चोच थरथरायची आणि लाखेवर रेघ उमटायची. पुढे त्या रेघेवरून काटा फिरवला, की तोच आवाज पुन्हा.

“सुतारमामा, जरा थांबा. अजून कुणी आलं नाही.”

“लाख थांबत नसते, पोरी. ओतली की ओतली. निवेपर्यंत काय उमटेल ते उमटेल. बोलव तुझ्या लोकांना.”

आणि चाक फिरायला लागलं.

टिटवीची पाचावर धारण बसली. तिने अनुमोदनवाल्यांची यादी काढली आणि ओरडली, “मोरदादा! टिटीव!”

मोर काही पुढे आला नाही. करवंदीच्या झुडपामागून मोराचा पिसारा मात्र हातभर बाहेर आला होता. सगळेच आले होते, मुलांनो. अगदी वेळेवर! फांदीफांदीवर, बिळाबिळात दडून बसले होते. दुसरा कुणीतरी सुरुवात करील म्हणून सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

“बेडूकभाऊ! टिटीव! सांबरकाका! वटवाघूळताई! अहो, कुणीतरी या ना!”

कुणीतरी खोकलं. सांबर असावं. तो खोकलाही चकतीवर उमटला.

ती एकेकाचं नाव घेत गेली. आधी विनवलं, मग रागावली, मग आवाज चिरकला, मग तिला भीती वाटायचीच राहून गेली. लाख निवत चालली. एकेचाळीस नावं संपली. चकतीच्या कडेपासून जवळजवळ मधापर्यंत सगळी टिटवीच टिटवी.

“अजून बोटभर जागा आहे,” सुतारपक्षी म्हणाला. “उरलंय का कुणी?”

यादीत कुणीच नव्हतं. टिटवीने मान खाली घातली. आजोबा आज निघणार, आणि त्यांच्या हातात द्यायला आपल्याकडे काय? आपलाच आरडाओरडा. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिने यादीत नसलेलं एकच नाव घेतलं. नदीच्या दिशेला तोंड करून, सगळा जीव गोळा करून.

“कासवआजोबा! टिटीव, टिटीव!”

पलीकडच्या आंजणीच्या झुडपात, अगदी दहा पावलांवर, वाळलेली पानं वाजली. ती दचकली, पण उडाली नाही.

निघायचं सोमवारी, म्हणून आजोबा शनिवारपासूनच चालायला लागले होते. आज सकाळपर्यंत ते तिथवरच पोचले होते. सगळं ऐकत होते.

“वा!” झुडपातून आवाज आला. “पुन्हा एकदा ऐकव बघू.”

तात्पर्य : प्रत्येकाने आपलं काम वेळेवर केलं असतं, तर त्या चकतीवर टिटवीला बोटभरही जागा मिळाली नसती. म्हणून मुलांनो, मोठेपणी कुणी तुमच्याकडे सामुदायिक कार्यासाठी गाणं मागितलं, तर तोंडभर अनुमोदन द्यावं, वेळेवर हजर राहावं आणि अवाक्षर काढू नये. कलेची याहून मोठी सेवा नाही. मुखपृष्ठावर तुमचं नाव येईलच; कमळ की पान ते ठरलं, की लगेच.