मुळी आधी रुग्णाशी बोलते

टिपणिसांच्या घरी आलेल्या चिनी मुळीने उकळून घ्यायला नकार दिला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की आधी रुग्णाशी बोलू द्या.

अविनाशराव टिपणिसांना यात गैर काही वाटलं नाही. डॉक्टरसुद्धा आधी बोलतातच. त्यांनी मुळीचा कागद सोडला, तिला स्वच्छ बशीत ठेवलं आणि बशी बायकोच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर नेऊन ठेवली. मुळी करंगळीएवढी, विटकरी लाल. कोलकात्यातल्या एका जुन्या चिनी औषधांच्या दुकानातून त्यांच्या मित्राने ती पाठवली होती. तिचं मराठी जरा पुस्तकी होतं, पण समजायला अडचण नव्हती.

हेमलताबाई उशांना टेकून बसल्या होत्या. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला दाब वाढला होता आणि त्या दाबाशी झगडून त्यांचं हृदय थकत चाललं होतं. एकेकाळी त्या मिरजेत मुलींच्या शाळेत खो-खो शिकवायच्या. आता मोरीपर्यंत जाऊन आलं तरी तोंडातून शब्द फुटत नसे. नवऱ्याने आणलेला प्रत्येक उपाय त्यांनी मुकाट्याने करून पाहिला होता. आताशा त्यांना आशेचाच शीण येई.

"हात देता का?" मुळी म्हणाली.

त्यांनी मनगट पुढे केलं. मुळीने आपले बारीक तंतू नाडीवर टेकवले आणि ठोके मोजले.

"श्वास कशासाठी हवा आहे?" तिने विचारलं.

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. हेमलताबाई विचारात पडल्या. "बोलताना मध्येच थांबावं लागतं," त्या म्हणाल्या. "मी थांबले की... हे घाबरतात."

मुळीने मग चालू असलेल्या गोळ्या पाहायला मागितल्या. रक्त पातळ करण्याच्या गोळीचं नाव वाचून ती म्हणाली, "मला तुमच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल."

अविनाशराव मुळीला दवाखान्यात घेऊन गेले. डॉ. रेश्मा मुजावर यांनी टेबलावरची कागदपत्रं सरकवून तिला जागा करून दिली.

"या गोळीचा जोर तुम्ही वाढवता ना?" त्यांनी विचारलं.

"वाढवते."

"मग रक्तस्राव व्हायची भीती."

"आहेच."

"आणि दाब? तो उतरवता?"

"उंदरांमध्ये काम बरं झालं आहे. माणसांबद्दल छातीठोक सांगावं इतकं माझ्यापाशी नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. मुळीला उकळायचं नाही, गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, असं दोघींच्या विचाराने ठरलं. रिक्षातून परत येताना अविनाशरावांनी मुळी मुठीत घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाईंना स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला. मग गॅस पेटल्याचा. मग मुळीचा.

"पाणी अजून गार आहे. बोलायला वेळ आहे."

"बोलायचं काही नाही," अविनाशराव म्हणाले.

"मी उकळले तर माझं काम करणारच. ते थांबवणं माझ्या हातात नाही, म्हणून आत्ताच विचारते. तुम्ही नीट झोपून किती दिवस झाले?"

चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"झोपू कसा?" अविनाशराव म्हणाले. "तिचा श्वास ऐकत पडतो. माझा डोळा लागला आणि तेवढ्यात तो थांबला तर?"

हेमलताबाई उठल्या. भिंतीचा आधार घेत, दाराशी थांबून, त्या ओट्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. मग खुर्चीत बसून दम खात राहिल्या. अविनाशराव पातेल्याकडे पाहत उभे होते.

"मला काढा नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही... झोपायला हवं. एवढ्या जागरणाने तुम्हीच आधी... पडाल. मग मी काय करू?"

अविनाशराव खाली बसले. त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, तो बराच वेळ खाली घेतला नाही.

"पाळ्या लावता येतील," कोमट पाण्यातून मुळी म्हणाली. "मला झोप लागत नाही. श्वासात फरक पडला तर मी हाक मारीन. माझा आवाज लहान आहे, पण ऐकू जातो."

अविनाशरावांनी तिला बाहेर काढून पुसलं आणि कुंडीत लावलं. कुंडी पलंगाशेजारी ठेवली. हेमलताबाईंचा दाब काही उतरला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या होत्या की तो आहे तिथे राहिला तरी पुष्कळ.

पहिली पाळी दुपारची होती. जेवण झाल्यावर अविनाशराव खुर्चीत बसले, थोडा वेळ कुंडीकडे संशयाने पाहत राहिले आणि मग त्यांची मान कलली. काही वेळाने खोलीभर खरखर सुरू झाली.

"हा आवाज कसला?" मुळीने हळूच विचारलं. "डॉक्टरांना कळवायचं का?"

"नको," हेमलताबाई म्हणाल्या. "हे असेच घोरतात."