बिनदलालाचं आभाळ

टेलिफोनवर बोलायचं झालं की भूपालअण्णा पायताण दाराबाहेर काढत, टोपी सरळ करत आणि खिडकीतून आभाळाकडे तोंड करून उभे राहत. मग फोन मिरजेला का असेना.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, मिरजेचा फोन तारेतून जातो. वर बघून काय होणार?"

"जाऊ दे की वैनी. आपली सवय असावी. उद्या मिरज बी वरनंच जाईल."

मुलांनो, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत माधवनगर रस्त्याला आम्ही राहत होतो. तुमचे आजोबा डॉक्टर, म्हणून आमच्याकडे फोन. आणि फोन आमच्याकडे, म्हणून घरांची सगळी ओळ आमच्याकडे. भूपालअण्णा अगदी शेजारचे. हळदीच्या पेठेत त्यांची अडत होती. अडत्या म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधला माणूस. दोघांच्या वतीने तोच बोलतो, माल विकून देतो आणि आपला वाटा घेतो. अण्णा दिवसभर दोन्ही बाजूंनी बोलत, आणि घरी आले तरी त्यांना थांबता येत नसे.

प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर अण्णा देत. दवाखान्यात आजोबा एखाद्या रोग्याला विचारत, "काय होतंय?" तर बाकावरून अण्णांचा आवाज येई, "पोट दुखतंय त्येचं, डाक्टर. परवा लग्नात लय जेवलाय." रोगी तोंड उघडून तसाच बसे. पंचाईत अशी, की बहुतेक वेळा अण्णांचं बरोबर निघे.

असा हा माणूस उपग्रहाच्या प्रेमात पडला. पुण्याच्या पलीकडे एक अवाढव्य तबकडी उभारली आहे, तिच्यातून परदेशाशी बोलता येतं, हे त्यांनी पेपरात वाचलं आणि पेठेत, देवळात, न्हाव्याकडे सांगत सुटले. "वादळात खांब पडतुया, चोर तांब्याची तार नेतुया, माकडं लोंबकळत्यात. वर काय हाय? खांब न्हाई, तार न्हाई, मधी कोन न्हाई!"

मध्ये कुणी नाही, याचा आनंद एका अडत्याला व्हावा, याचं मला मोठं नवल वाटे. आजोबा तर टपूनच बसलेले असत. "अण्णा, मग हळदीलाही उपग्रह लावू या. शेतकरी बोलेल, व्यापाऱ्याला ऐकू येईल. तुम्ही घरी बसा."

"हळदीचा वास घ्यावा लागतोय, डाक्टर. तुमच्या उपग्रहाला नाक हाय का?"

तेव्हा सरकारने अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी उसना आणून काही राज्यांतल्या खेड्यांत टेलिव्हिजन दाखवला. आपल्या भागाचा त्यात नंबर नव्हता, पण सीमेपलीकडे विजापूरकडच्या खेड्यांचा होता. अण्णा एसटीने मावसभावाच्या गावी जाऊन बघून आले. "वैनी, कोंबड्याच्या खुराड्याला लावत्यात न्हवं, तसल्या जाळीची छत्री. तीत आभाळातनं माणूस उतरतुया आन् कन्नडात सांगतुया, पिकाला औषध कसं मारायचं. वीस मैलांत डांबरी सडक न्हाई, आन् ह्यो पोचला!" आल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या गच्चीवर तशीच जाळीची छत्री बसवली. घरात टेलिव्हिजन नव्हता. वर्ष सरल्यावर अमेरिकेने आपला उपग्रह परत नेला, तेव्हा अण्णा आठवडाभर कुणी सुतकात असावं तसे वावरत होते.

त्यांचा एकुलता मुलगा सुकुमार शिकागोला इंजिनीअर होता. एकदा त्याचा मित्र सुट्टीवर आला आणि बोलता बोलता सांगून गेला, की सुकुमारचं मध्यंतरी पोटाचं ऑपरेशन झालं. आता बरा आहे. घरी काळजी नको म्हणून त्याने कळवलं नव्हतं.

अण्णांची बायको ताराक्का फारशी बोलत नसे. तिने त्याच दिवशी नियम घेतला. जैन घरांत असे नियम घेतात. "पोरानं सोता बरा हाय म्हनलेलं माझ्या कानानं ऐकल्याबिगर गूळ-साखर तोंडाला लावणार न्हाई."

अण्णांनी मुंबईच्या ऑपरेटरकडे फोन नोंदवला. लागला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ताराक्का पदर सावरून शेजारी उभी. आवाज इतका स्वच्छ, की रिसीव्हरमधून सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"सुकुमार! बघ, आवाज वरनं येतोय!"

क्षणभर काहीच नाही. तेवढा वेळ गप्प बसणं अण्णांच्या कुंडलीत नव्हतं. "खांब न्हाई, तार न्हा—"

"अण्णा, आई कशी—"

"आई बरी हाय! मधी कोन—"

"अण्णा, ऐका, मी—"

दोघांचे आवाज एकमेकांवर आदळत राहिले. वेळ संपली. लाइन तुटली.

"काय म्हनाला?" ताराक्काने विचारलं.

"बरा हाय म्हनाला."

"त्येला बोलू कवा दिलंसा?"

अण्णांनी रिसीव्हर खाली ठेवला. मी त्यांना समजावलं, की आवाजाला वर जाऊन खाली यायला थोडा वेळ लागतो. आपण बोलून झालं की थांबायचं.

"म्हंजी, बोलल्यावर गप बसायचं? किती येळ?"

"तो बोलेपर्यंत."

मळा माझ्या नावावर लिहून मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग आम्ही सराव केला. अण्णा व्हरांड्यात, मी दवाखान्यात सुकुमार म्हणून. त्यांनी विचारायचं, थांबायचं, मग मी उत्तर द्यायचं. "तब्येत कशी हाय?" म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "बरी असंल, पर तेलकट खाऊ नगंस." पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी मी ताराक्काला उभं केलं. तिने एक वाक्य विचारलं आणि शांत उभी राहिली. नवऱ्याचं बोलणं संपायची वाट बघण्यात तिचा संसार गेला होता.

अण्णा म्हणाले, "वैनी, ह्ये यंत्र हिच्यासाठीच केलंय की."

पुन्हा फोन नोंदवला. लागला तेव्हा अण्णांनीच रिसीव्हर उचलला, ऑपरेटरला "व्हय" म्हणाले आणि तो ताराक्काच्या हातात दिला. स्वतः एक अख्खी सुपारी तोंडात धरून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"सुकू?" ती म्हणाली, आणि थांबली. रिसीव्हरमधून त्याचा आवाज आला.

"कुठं कापलंय?" थांबली. "टाकं काढलं?" थांबली. "पालथा झोपतोस न्हवं, तसा झोपू नगंस बाळा." पलीकडून तो पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाला, तशी ती हसली. तिचं हसणं मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी बाहेर आले. "अण्णा, आत या ना. छान ऐकू येतंय."

त्यांनी सुपारी गालात सरकवली. "नगो वैनी. आत आलो की मी बोलाय लागनार."

तेवढ्यात ताराक्काने हाक मारली, "आवं, या. तुमाला बोलवतोय."

अण्णांनी सुपारी काढून अंगणात टाकली, आत गेले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हं," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. पलीकडचं बोलणं हळू होतं, खोलीत ऐकू आलं नाही. "व्हय," ते म्हणाले. थांबले. "व्हय रं."

लाइन तुटली. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"काय म्हनाला?" ताराक्काने विचारलं.

अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "त्ये मला एकट्याला म्हनाला," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून फाटकाशी तिची वाट बघत उभे राहिले.