खोडे सर आणि शरीर जिल्हा

पांढुर्ण्यात कुणी वारलं, की लोक घरच्यांच्या पाठीवर हात ठेवतात. आमच्या शेजारचे खोडे सर विचारतात, "कोणता अवयव गेला?"

उत्तर मिळाल्याशिवाय ते सतरंजीवर बसत नाहीत. 'वय झालं होतं' हे उत्तर त्यांना चालत नाही. "वयानं कोणी मरत नाही, अवयवानं मरते," असं ते दुःखानं भरलेल्या घरात सुनावतात. एकदा तर माणसं खांदा द्यायला उठली होती आणि हे मृताच्या मुलाला यकृत समजावत होते. मुलगा बिचारा मान डोलावत राहिला. शाळेत त्यांच्याच हातचा मार खाल्लेला होता.

सरांनी सौसर आणि पांढुर्ण्याच्या शाळांत जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. त्यांच्या लेखी शरीर म्हणजे एक जिल्हा. हृदय पाणीपुरवठ्याचा पंप, मूत्रपिंडं नगरपालिकेची सफाई. यकृत हेडक्लार्क, सगळ्या फायली त्याच्याकडून जातात आणि आभार कुणी मानत नाही. मेंदू पूर्वी तहसीलदार होता. पांढुर्णा जिल्हा झाला आणि सरांनी त्याला त्याच दिवशी कलेक्टर केलं. आमच्या गावात तेवढी एकच बढती वेळेवर झाली असेल.

मी दिसलो की फाटकातूनच हाक यायची, "काय म्हणून राहिलं लिव्हर?" मी संत्र्याचा व्यापारी, सकाळी सौद्याची घाई. लिव्हर मजेत आहे म्हणून सटकायचो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणायची की सरांची बायको गेल्यापासून त्यांना घरात बोलायला कुणी नाही. मी म्हणायचो, म्हणून काय माझ्या आतड्यांशी बोलायचं?

गेल्या हंगामात एका सकाळी सुनंदाची पाठ आणि जबडा दुखायला लागला. घामही आला. मी म्हटलं, गॅस असेल. सोडा दिला आणि निघालो. फाटकात सर होतेच. त्यांना टाळायचं म्हणून सांगून टाकलं, आज वेळ नाही, बायको गॅसनं जबडा धरून बसली आहे.

सरांनी भाषण केलं नाही. ते तडक आमच्या घरात शिरले, सुनंदाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "गाडी काढा." मी सोड्याचं सांगू लागलो, तर मला आठवीतल्या पोरासारखं झापलं.

सरकारी दवाखान्यात हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. झटकाच होता. तिथून ॲम्ब्युलन्सनं नागपूर, सरही सोबत. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं म्हणून वाचल्या. मी भिंतीला टेकून रडलो. ज्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्याच्यामुळे माझं घर शाबूत होतं, याची फार लाज वाटली.

सर बाहेर बाकावर बसले होते. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"आमच्या कमलचीबी पाठच दुखून राहिली होती," ते म्हणाले. कमल त्यांची बायको. "मी म्हटलं, गॅस असन, ओवा खाय. अन् शाळेत गेलो. आठवीले हृदय शिकवाचं होतं त्या दिवशी."