गेनूअण्णा आणि राजवाड्यातला संप

आमच्या बेलापूरच्या वाचनालयातून गेनूअण्णा फक्त ड्रॅगन, जादूगार आणि राजपुत्रांच्या जाडजूड कादंबऱ्या नेतात, आणि परत करताना दरवेळी मला एकच प्रश्न विचारतात, "बाई, ह्यांच्या राज्यात भाकऱ्या कोन थापतं?"

मी तिथली ग्रंथपाल. आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण अण्णा साखर कारखान्यात मशीनवर होते, युनियनचे पुढारी होते, आणि वर्गसंघर्षाशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही.

एका कादंबरीत ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर झोपलेला होता. मी सहज म्हटलं, "अगदी भांडवलदार आहे की!"

अण्णा उसळले. "चूक! भांडवलदार सोनं कामाला लावतो. ह्यो नुसता वर निजतो. ह्यो सरंजामदार!"

जादूगारांबद्दल मत त्याहून वाईट. "राजाचं खातो अन् देवावानी बोलतो. मधला वर्ग!" हे म्हणताना ते माझ्याकडेच का बघतात, कोण जाणे.

पण खरा राग गोठ्यातल्या नायकांवर. "चारशे पानं पोरगं शेन काढतंय. मला वाटलं, आपला मानूस. अन् शेवटाला काय? खांद्यावर चांदनीचा डाग निघाला, राजाचाच वारस! म्हंजे शेन काढनाऱ्याला राज्य करताच येत न्हाई व्हय?" त्या दिवशी ते चहा न घेताच गेले.

"मग वाचता कशाला, अण्णा?"

"शत्रूच्या छावनीत काय चाललंय ते कळाया नको?" म्हणाले. पण मालिकेचा पुढचा भाग आला का, हे विचारणारा पहिला फोन त्यांचाच असतो.

गेल्या वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी मी शाळेतल्या मुलांचं एक नाटक लिहिलं. राजा, जादूगार, आग ओकणारा ड्रॅगन. तालमीला अण्णा येऊन बसले. अर्धा तास तालीम बघितली. मग म्हणाले, "राजवाड्यात सैपाकघर कुठंय?"

"पडद्यामागे आहे असं समजायचं."

"तेच तर दुखनं हाय, बाई."

दोन दिवसांनी त्यांनी चार पानं आणून दिली. राजवाड्यात पाणी भरणारी कौसा नावाची मुलगी एके सकाळी घागर खाली ठेवते. आचारी पळ्या ठेवतात. राजा उपाशी. जादूगाराला मंत्राने साधं वरणसुद्धा करता येत नाही. शेवटी ड्रॅगन संपवाल्यांना जाऊन मिळतो आणि त्यांची चूल पेटवून देतो.

कार्यकारिणी घाबरली. पाहुणे म्हणजे साखर कारखान्याचे अध्यक्ष, संप बघून नाराज होतील म्हणाली. अण्णा ताडकन उठले, "मग माझं नाव सभासदातनं काढा!" मी मात्र अडून बसले. खरं सांगायचं तर त्यांची चार पानं माझ्या सगळ्या नाटकापेक्षा मजेदार होती.

प्रयोग रंगला. सहावीतला राजा पोट धरून "कुणीतरी पिठलं तरी द्या हो!" म्हणून ओरडला तेव्हा सगळ्यात मोठ्याने पाहुणेच हसले. मी अण्णांना शोधलं. ते पहिल्या रांगेत होते, पण रंगमंचाकडे बघतच नव्हते. शेजारी बसलेल्या एका वाळक्या, नऊवारीतल्या म्हातारीचा चेहरा बघत होते.

नाटक संपल्यावर त्यांनी ओळख करून दिली. "ही माझी थोरली भन, कौसाक्का. सकाळच्या यष्टीनं पाथर्डीकडनं आनली."

आक्का म्हणाली, "आईबापासंगं उसतोडीला मी जायाची. टोळीचं पानी मीच भरायची. ह्यो मावशीपाशी ऱ्हाऊन शिकला. घरी आलो की ह्याला गोष्टी सांगायची, राजाराणीच्या. त्याबिगर झोपायचा न्हाई."

अण्णा चष्मा पुसायला लागले. "नाटक कसं वाटलं, आक्का?"

"लई झ्याक. संप बी बरा केलास." तिने डोक्यावरचा पदर सावरला. "पर गेनू, ती पोरगी शेवटाला रानी का न्हाई झाली रं? माझ्या गोष्टीत तर मी तिला रानीच करायची."

"आक्का, राजेशाही म्हंजे कसं असतं..." अण्णांनी सुरुवात केली आणि तिथेच अडकले. इतक्या वर्षांत त्यांना अडकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते माझ्याकडे आले. हळूच म्हणाले, "बाई, त्यो मुकुट जरा द्या."

पुठ्ठ्याचा, सोनेरी कागदाचा मुकुट. अण्णांनी तो आक्काच्या पदरावर नीट बसवला. ती तोंडावर हात ठेवून हसत राहिली. मग म्हणाली, "पानी पाज रं जरा."

अण्णा स्वतः तांब्या घेऊन घाईघाईने पाणी आणायला निघाले.