पोतं फिरायला नेणारे राव

सलग तीन महिने आमचे घरमालक सेतुमाधवराव रोज सकाळी सहाला तांदळाचं पोतं फिरायला नेत होते. डोक्यावर नाही, सायकलवर नाही. चाकांच्या खुर्चीत बसवून, कमरेला पट्टा लावून. ऊन चढलं की पोत्यावर छत्री. छत्री मी धरायचो.

मी कुंभकोणमला गलाईचं काम करतो, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. आमच्या विट्याकडची अर्धी माणसं या धंद्यापायी देशभर पांगलीत. आठवीत शाळा सोडली आणि मामाचं बोट धरून इथं आलो, त्याला आता सतरा वर्षं झाली. मामा परत गेला, मी राहिलो. स्वभावानं मी भित्रा. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी आधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. अशा माणसाला रावांनी पुढची खोली दिली. पहिल्या वर्षी कावीळ झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं, कमलाक्कांनी, महिनाभर पेज भरवली. तमिळ अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली. तेव्हा राव म्हणाले, "छत्री धर," तर मी धरणारच. पण मान खाली घालून.

रावांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ते मराठी ऐकलं की वाटतं एखादा जुना दस्तऐवज उठून चालायला लागलाय. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "कोठील तूं? जेवलास कीं ऐसाच आलास?" मला रडूच आलं. पुढचं वाक्य तमिळमध्ये होतं, ते कळलं नाही, म्हणून रडू थांबलं.

राव वीज खात्यात मीटर वाचायचे. पस्तीस वर्षं गावातल्या प्रत्येक घराच्या जिन्याखाली वाकलेला माणूस. निवृत्त झाले तरी कुणाच्याही घरी गेले की आधी मीटरकडे बघतात, मग माणसांकडे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "मीटर जैसें आहे तैसें वाचावें." सांबारात मीठ जास्त झालं तरी हेच, माझ्या तमिळचा उच्चार चुकला तरी हेच.

आता पोत्याकडे येतो. पण त्याआधी नौका.

दोन वर्षांपूर्वी रावांच्या मुलीनं दोघांना मोठ्या जहाजाच्या सफरीला नेलं. एका सकाळी जहाज कुठल्याशा बेटाला लागलं. सहा तास थांबणार होतं. बेटावरचं गाव एवढंसं, पायी सगळं बघून होईल असं. अक्कांचे गुडघे गेलेले, म्हणून जहाजावरच्या लोकांनी खुर्ची दिली. राव लोटायला, अक्का बसायला. मासळीबाजार, रंगीत दारांची गल्ली, दीपस्तंभाची चढण, सगळं झालं. अक्कांनी गवताची टोपी घेतली, नऊवारीवर घातली आणि रस्त्यात बसून बर्फाची कांडी खाल्ली. जहाजावर चढायची वेळ चारची. हे दोघे चारला पाच मिनिटं कमी असताना धावत आले, म्हणजे राव धावत आणि अक्का बसून, तेव्हा कठड्यावरून सगळे टाळ्या वाजवत होते.

ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली आहे. बर्फाची कांडी कधी नारिंगी असते, कधी हिरवी. पाच मिनिटं मात्र पाचच असतात. मीटर जैसें आहे तैसें.

परत आल्यावर रावांनी तशीच खुर्ची विकत आणली. तिला ते 'वंडी' म्हणतात, तमिळमध्ये गाडी. अक्कांनी वंडीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"इथें मी बसणार नाहीं."

"बेटांत बसलीस ना?"

"तेथें मला कोण ओळखतें? इथें अवघें गांव ओळखतें. तुम्ही मला लोटत न्याल आणि लोक हसतील. सरी, झालें."

'सरी' म्हणजे तमिळमध्ये बरं, ठीक. आणि खरंच झालं. अक्का घराबाहेर पडेनात. देऊळ बंद, भाजी बंद, महामहम तळ्याच्या पायरीवर बसून बायकांशी गप्पा मारायच्या, त्या बंद. माजघर ते तिण्णै, म्हणजे दारापुढचा ओटा, एवढीच त्यांची पृथ्वी. टोपी खुंटीला. पुढं पुढं त्या ओट्यावर येणंही टाळू लागल्या. डॉक्टर म्हणाले, अशाच बसून राहिलात तर अंथरूण धराल. अक्का म्हणाल्या, धरीन.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रावांनी पोन्नी तांदळाच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या दोन गोण्या एका पोत्यात घालून शिवल्या आणि वंडीत बसवल्या. अक्कांचं वजन तेवढंच. आतून आवाज आला, "मी काय ऐसी चौकोनी आहें?"

राव म्हणाले, "अभ्यास करतों. लोटण्याचा."

मग नेम सुरू झाला. रावांच्या मते कुंभकोणम हे बेटच. "वर कावेरी, खालीं अरसलार. चहूंकडे पाणी." मी एकदा भीत भीत म्हणालो, दोनच बाजूंना आहे. ते म्हणाले, "पावसाळ्यांत ये." दारापुढच्या तीन पायऱ्यांवर फळी टाकली, ती नौकेची शिडी. भिंतीवर खडूनं लिहिलं: 'चढण्याची वेळ ९'. बेट लहान म्हणून वेळही निम्मी. मला उशीर झाला की म्हणायचे, "राहा इथें. नौका कोणासाठीं थांबत नाहीं." आणि परमुलखात टाकून दिलं जाण्याची भीती मला जन्मापासून असल्यामुळे मी चप्पल हातात घेऊन पळायचो.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगायला नको. पितळेच्या भांड्यांच्या गल्लीत दुकानदार शटर अर्धं उघडं टाकून बाहेर आले. फुलवाली मल्लिका हसता हसता ओट्यावरून घसरली, आणि सावरल्यावर तिनं मोगऱ्याचा गजरा पोत्याच्या तोंडाला बांधला. कॉफीवाल्या सेल्वमनं हात जोडून विचारलं, "राव सार, अम्मावुक्कु कापी?" म्हणजे बाईंना कॉफी? सगळं दुकान लोळायचं बाकी राहिलं. राव गंभीरपणे म्हणाले, "त्यांना नको. मला एक." पितळी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत कॉफी ओतत उभे राहिले. मी छत्रीच्या आत जेवढा मावेन तेवढा मावलो.

घरी आल्यावर गजरा सोडवून अक्कांना दिला. "पोत्यानें धाडला."

मग माजघराच्या दाराशी उभं राहून मला विचारलं, "आज किती हसले?"

एवढ्या मोठ्यानं, की मी दचकलो. मी हातभर अंतरावर, आणि माझे कान चांगले आहेत.

"मोजले नाहीत, राव."

"उद्यांपासून मोज."

झालं, छत्रीबरोबर ही नोकरीही आली. दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस. रोज नऊच्या आत नौका गाठायची, मल्लिकाचा गजरा अक्कांना, आणि मग तो आरडाओरडा: "आज किती?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला आतून लागतंय आणि तो जखम मोजून बघतोय. मला तर रात्री हसण्याची स्वप्नं पडायची. एकदा सोन्याची मूस उतरवताना कारागीर हसला तरी मी मनात आकडा धरला.

दीड महिन्यानं न राहवून मी म्हणालो, "राव, बास करू. लोक येडा म्हणत्यात."

"हसूं दे. एकदांचें हसून होऊं दे."

त्या दिवशी नऊजण हसले होते. मला रावांची दया आली आणि मी सांगितलं, "दोन."

राव थांबले. माझ्याकडे असं पाहिलं, की मी आठवीतल्या बाकावर जाऊन बसलो.

"भांड्यांच्या गल्लींत चार. तळ्यापाशीं तीन. सेल्वमकडे दोन. खोटें रीडिंग लिहिलें तर घरांत उजेड पडतो काय? मीटर जैसें आहे तैसें वाचावें."

म्हणजे ते स्वतः मोजत होते. मग मला कशाला विचारत होते, आणि तेही गाव गोळा होईल एवढ्यानं? मला कळेना. माजघरात भांड्याचा आवाज मात्र थांबला होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

आकडा उतरत गेला. सात. चार. गावाला तरी किती दिवस पुरणार एक पोतं? तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी भांडीवाल्यानं आम्हाला बघून नुसती मान हलवली, जशी दूधवाल्याला हलवतो. मल्लिकानं फोनवर भांडता भांडता गजरा पुढे केला. तळ्याकाठच्या म्हाताऱ्यांनी पाय आत घेऊन वाट दिली आणि आपला वाद चालू ठेवला. सेल्वमनं पेले विसळत, वरही न बघता, सवयीनं विचारलं, "अम्मावुक्कु कापी?"

मी परतीच्या वाटेवर दोनदा आठवून बघितलं.

"आज किती हसले?" राव गरजले.

"कुणी नाही."

"जैसें आहे तैसें?"

"जैसें आहे तैसें."

आत भांड्याचा आवाज पुन्हा थांबला होता. राव घाम पुसत ओट्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी सहाला बाहेर आलो तर पोतं कोपऱ्यात उभं, आणि वंडीत अक्का. नऊवारी, मोगरा, आणि त्यावर ती गवताची टोपी. दोन्ही हातांनी वंडीच्या दांड्या घट्ट धरलेल्या.

"पाहतोस काय शंकरा? छत्री घे. नौका जाईल."

फळीवरून उतरलो. भांड्यांच्या गल्लीत मी छत्री आणखी खाली घेतली. भांडीवाल्यानं मान हलवली. म्हाताऱ्यांनी पाय आत घेतले. मल्लिकानं नेहमीच्या जागी गजरा बांधायला हात पुढे केला, तिथं वेणी सापडली, तेव्हा तिनं तो वेणीत माळला आणि म्हणाली, "अक्का, खूप दिवसांनी." बस्स.

सेल्वम पेले विसळत होता. "राव सार, अम्मावुक्कु कापी?"

रावांनी अक्कांकडे पाहिलं.

"द्या," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "साखर कमी."

महामहम तळ्याजवळच्या उतारावर वंडी रावांच्या हातून थोडी पुढे पळाली. राव मागे, त्यांच्यामागे मी, छत्री उलटी झालेली. आणि अक्का एका हातानं टोपी धरून.

नौका गाठली तेव्हा नऊला पाच मिनिटं होती. रावांनी टोपी घेतली, खुंटीला अडकवली आणि भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले. विचारलं, पण या वेळी अगदी हळू.

"आज किती हसले?"

"एक."

"कोण?"

"अक्का. उतारावर."

"सरी," राव म्हणाले. बराच वेळ ते ती टोपी खुंटीवर नीट करत राहिले.